पडद्यावरचा जुलूम आणि तंबूतली करमणूक

बेल्ह्याचा आठवडे बाजार सोमवारचा. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, आणे घाटाच्या अलीकडे वसलेले हे गाव बैलबाजारासाठी दूरवर ठाऊक आहे. घाटावरचे आण्याचे पठार, पलीकडचा पारनेर तालुका, इकडे आळेफाटा आणि नारायणगाव, अशा चोहो अंगांनी माणूस येथे उतरतो. माझे वडील मणेर. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात आणि चैत्र लागला की पंचक्रोशीतल्या जत्रांत, उरुसांत ते बांगड्या भरीत. दिवसभर बायाबापड्यांचे हात हातात घेऊन बसायचे, कोणाच्या लग्नाचा चुडा, कोणाच्या डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या. रात्री दुरडी बांधून ठेवली की मला खांद्यावर घेऊन सिनेमाच्या तंबूकडे जायचे.

जत्रेत एका अंगाला तमाशाची कनात, दुसऱ्या अंगाला टुरिंग टॉकीज. आत धुरळा बसावा म्हणून पाणी शिंपडलेली जमीन, मधोमध दोर, दोराच्या एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. मशीन सुरू झाले की मागच्या जनरेटरचा आवाज आणि पडद्यावरचा संवाद एकमेकांत मिसळून जात. अब्बा तिकीट काढण्याआधी दारावरच्या माणसाला एकच प्रश्न विचारीत, “रडायचा हाय का हसायचा?” हसायचा असला तर आत, रडायचा असला तर कनातीकडे. दिवसभर उन्हात बसलेल्या माणसाचा तो हिशोब होता आणि त्यात मला आजही काही गैर दिसत नाही.

पुढे शिकलो, पुण्यात कॉलेजात गेलो, आणि अब्बांच्या त्या प्रश्नाची लाज वाटू लागली. सिनेमाने समाजाचे वास्तव दाखवावे, अन्याय-अत्याचार उघड करावेत, नुसती करमणूक म्हणजे अफू, असे त्या काळात सगळेच बोलत. मीही बोललो. आज सत्तरीच्या उंबरठ्यावर मागे वळून पाहताना, आणि विशेषतः २०२५ साली आपल्या महाराष्ट्रात एका चित्रपटाभोवती जे घडले ते पाहिल्यावर, हा सगळा मामला पुन्हा एकदा तपासून पाहावा असे वाटले.

पहिली गोष्ट अशी की दुःख आणि करमणूक यांची अशी फाळणी आपल्या मातीत मुळात नव्हती. शाहिराच्या एकाच फडात पोवाडाही असे आणि लावणीही. पोवाडा म्हणजे रणाची, मरणाची, कत्तलीची हकीकत. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुना मानला जातो. लावणी म्हणजे शृंगार. ऐकणारा दोन्ही ऐकून घरी जाई. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर सगनभाऊ हे जेजुरीचे, जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. आता बेल्ह्याहून थेट जेजुरीला रस्ता जातो, त्या रस्त्याने जाताना मला या शाहिराची हटकून आठवण होते. विसाव्या शतकात बार्शीच्या महबूब हुसेन पटेलांनी, म्हणजे शाहीर अमर शेखांनी, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले आणि गिरणी कामगाराच्या, शेतकऱ्याच्या हालअपेष्टा डफावर मांडल्या. त्यांच्या कार्यक्रमांना माणसे हजारांनी लोटत. ती रडायला जात होती की हसायला? दोन्हीसाठी. हेच अमर शेख १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात गरिबीने पिचलेला बाप झाले, हे आमच्या पिढीला अजून आठवते.

आणि नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट तर आमच्या भागातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. दिवस भरलेले असताना विठाबाई फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. समोरचे प्रेक्षक करमणुकीला आले होते. पडद्याच्या अलीकडे करमणूक आणि पलीकडे तो प्रसंग, दोहोंमध्ये एक कापड. राष्ट्रपतींचे सन्मान मिळालेल्या या बाईचे २००२ साली निधन झाले तेव्हा तिच्या अखेरच्या दिवसांतल्या ओढगस्तीच्या कहाण्या लोक हळहळत सांगत होते. ज्यांनी तिच्यावर पैसे उधळले होते तेही त्यांत होते.

आता सिनेमाकडे येतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली ‘शेजारी’ काढला. हिंदीत ‘पडोसी’. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कथा विश्राम बेडेकरांची. काळ लक्षात घ्या. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झालेला आहे, देशात वातावरण तापत चालले आहे, आणि प्रभातवाले एका खेड्यातल्या दोन म्हाताऱ्या दोस्तांची गोष्ट सांगत आहेत. एक जिवबा पाटील, दुसरा मिर्झा. दोघांची बुद्धिबळाची बैठक, दोघांची शेजारी घरे. गावात धरण बांधायला आलेल्या कंपनीला गावाची एकी अडचणीची ठरते, ती फोडण्यासाठी संशय पेरला जातो आणि दोन घरांत वैर येते. शेवटी धरण फुटते आणि हे दोन म्हातारे त्या पाण्यातच जातात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदारच मिर्झा राहिले, पण हिंदू पाटलाचे काम मझहर खान यांना दिले. म्हणजे हिंदू नटाने मुसलमान म्हातारा करायचा आणि मुसलमान नटाने हिंदू म्हातारा. आज असा विचार तरी कोणाच्या मनात येईल का, याबद्दल मला शंका आहे.

‘शेजारी’ मी लहानपणी तंबूत पाहिला. जुन्या प्रिंटी तेव्हा जत्रांतून फिरत. अब्बांना तो रडायचा आहे हे माहीत असते तर ते आत गेलेच नसते, पण दारावरच्याने “दोन्ही हाय” असे सांगितले होते. परतताना अंधारात ते एवढेच म्हणाले, “दोघं बी बरोबर व्हते आन् दोघं बी चुकले.” चित्रपटसमीक्षेचा पुढे बराच अभ्यास केला, पण या वाक्याइतके नेमके काही मला सापडले नाही. त्या चित्रपटात कोणा एकाला निर्दोष ठेवून दुसऱ्याला राक्षस केलेले नाही. पाहणारा हिंदू असो की मुसलमान, जिवबाचा राग आणि मिर्झाचा ताठा दोन्ही त्याला आपल्या घरातले वाटतात.

फाळणी झाली. लाखो माणसे मेली, एक कोटीहून अधिक बेघर झाली. आणि हिंदी सिनेमा यावर पंचवीस वर्षे जवळजवळ गप्प राहिला. एखाददुसरा अपवाद सोडला तर हरवलेली भावंडे, ताटातूट, पुनर्भेट अशा आडवळणानेच ती जखम पडद्यावर आली. १९७३ साली एम. एस. सथ्यू यांनी ‘गर्म हवा’ पुरा केला. मूळ कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आझमी आणि शमा जैदी यांची. दंगा होईल या भीतीने सेन्सॉरने तो काही महिने अडवला, आणि अखेर तो प्रदर्शित झाला तेव्हा काडीइतकाही दंगा झाला नाही. मी तो विद्यार्थी असताना पुण्यात पाहिला. संपूर्ण चित्रपटात कत्तल नाही, तलवार नाही. आग्र्याचा बुटांचा कारखानदार सलीम मिर्झा आहे, त्याला कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईला जन्मभराची हवेली सोडवत नाही, आणि मरणाच्या वेळी तिला पालखीत घालून पुन्हा त्या हवेलीत आणावे लागते. एवढेच. बलराज साहनींनी या भूमिकेचे डबिंग संपवले आणि लगेच, १३ एप्रिल १९७३ रोजी, ते गेले. मी थिएटरातून बाहेर पडलो तो थेट खोलीवर न जाता रात्री उशिरापर्यंत नदीकाठी फिरत राहिलो. पुण्यात खोली शोधताना नाव सांगितल्यावर घरमालकाचा बदललेला चेहरा मला नवा नव्हता. पण ते दुःख सांगण्याजोगे आहे, ते माझे एकट्याचे नाही, हे मला त्या चित्रपटाने सांगितले.

गावी येऊन मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले. कोणी फारसे ऐकले नाही. ‘गर्म हवा’ जत्रेच्या तंबूत आलाच नाही. आला तो ‘अमर अकबर अँथनी’. १९७७ चा मनमोहन देसाईंचा चित्रपट. तंबू फाटेस्तोवर गर्दी. मी नाक मुरडले. एकाच वेळी तीन भावांचे रक्त नळीतून एका बाईच्या अंगात जाते, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात बसते? अब्बा मात्र खूश होते. अकबर कव्वालीला उभा राहिला तेव्हा दोराच्या दोन्ही बाजूंनी पैसे उडाले, आणि उडवणारे सगळे काही आमच्या मोहल्ल्यातले नव्हते.

पुष्कळ वर्षांनी तोच चित्रपट टीव्हीवर पाहताना माझ्या ध्यानात आले की ती तीन पोरे हरवतात तो दिवस १५ ऑगस्ट आहे आणि बाप त्यांना गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडून जातो. म्हणजे ज्याला मी निव्वळ पळवाट म्हणत होतो त्या गोष्टीच्या मुळाशी फाळणीच बसलेली होती. अब्बांना हे कळले होते का? शब्दांत नसेल. पण उगाच का माणसे तीनतीनदा तोच चित्रपट पाहत होती?

१९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ मालिका सुरू झाली. भीष्म साहनींच्या कादंबरीवर आधारलेली. त्याच काळात ‘रामायण’ मालिका चालू होती. तेव्हा गावात टीव्ही मोजकेच, आणि ज्यांच्या घरी तो होता त्यांच्या अंगणात रविवारी सकाळी सगळे गाव ‘रामायण’ बघे, आमची माणसेही त्यात असत. ‘तमस’ला गर्दी कमी. त्या मालिकेची सुरुवात ज्यांनी पाहिली असेल ते ती विसरणार नाहीत. नत्थू नावाच्या गरीब चामड्याचे काम करणाऱ्याला पैसे देऊन एक डुक्कर मारायला सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी ते मशिदीच्या पायरीवर सापडते. नत्थूला ठाऊक नव्हते, पण हात त्याचे होते. ओम पुरींचा तो चेहरा! अत्याचाराची गोष्ट मेलेल्यापासून न सुरू करता ज्याच्या हातून नकळत ठिणगी पडली त्याच्यापासून सुरू केली आहे, आणि सबंध मालिकाभर पाहणाऱ्याला त्याच्याच शेजारी बसून राहावे लागते.

ही मालिका बंद करा म्हणून मुंबईच्या एका मुस्लिम व्यावसायिकाने उच्च न्यायालयात धाव घेतली. हे आपण लपवू नये. दंगल होईल ही भीती खोटी नव्हती, पण मागणी चुकीची होती. तात्पुरती स्थगिती मिळाली. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथेही फेब्रुवारीत तोच निकाल राहिला. या निकालात न्यायालयाने एक जुनी कसोटी लावली. एखाद्या कृतीचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर, धीराच्या माणसाचे माप धरावे, डळमळीत आणि भित्र्या मनाचे धरू नये. ही कसोटी घालून दिली होती न्या. व्हिव्हियन बोस यांनी, स्वातंत्र्याच्या आधी, नागपूरच्या उच्च न्यायालयात. नागपूरचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

मुंबईच्या डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींविषयी मी येथे विस्ताराने लिहीत नाही. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. जुन्नर-आंबेगावचे आणि मुंबईचे नाते जुने, घरटी एक माणूस तिकडे. आंबेगावच्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू असाच पोटासाठी मुंबईला गेला होता आणि १९३० साली विदेशी मालाच्या ट्रकखाली गेला. माझा एक चुलतभाऊ भायखळ्याच्या भाजी मार्केटात हमाली करी. जानेवारीच्या मध्याला तो बायकापोरांसह भाजीच्या रिकाम्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली बसून आळेफाट्याला उतरला. ट्रक आमच्याच भागातल्या एका मराठा ड्रायव्हरचा. खोली जळालेली. भाऊ सहा महिने गावात राहिला, फारसे बोलला नाही, आणि पुन्हा मुंबईला गेला.

१९९५ साली मणिरत्नम यांचा ‘बॉम्बे’ आला. त्याच्या प्रदर्शनाआधी तो शिवसेनाप्रमुखांना दाखवण्यात आला, मुस्लिम संघटनांनीही हरकती घेतल्या, आणि जुलैत मद्रासला दिग्दर्शकाच्या घरावर गावठी बॉम्ब टाकला गेला. मी भावाला पत्र लिहून विचारले की चित्रपट पाहिलास का. पुढच्या ईदला आला तेव्हा त्याने उत्तर दिले. “जो घर में हुआ, वो तिकीट काढून कशाला बघायचं?” मग जरा हसून म्हणाला की त्याने आणि भाभीने ‘हम आपके हैं कौन’ तीन वेळा पाहिला. लग्न, डोहाळजेवण, बुटांची पळवापळवी, जळणारे काहीच नाही.

माझे कॉलेजातले शहाणपण त्या दिवशी थोडे उतरले. ज्याच्या अंगावर आग पडली त्याला पडद्यावर आग पाहायची नसते, त्याला मांडव पाहायचा असतो. ज्याने आग पाहिलेली नाही त्यानेच खरे तर ‘बॉम्बे’ पाहायला हवा होता. अमेरिकेत प्रेस्टन स्टर्जेसने १९४१ साली, म्हणजे आपल्या ‘शेजारी’च्याच वर्षी, यावर एक चित्रपट केला होता. ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’. विनोदी चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाला गरिबांच्या दुःखावर गंभीर चित्रपट काढायची हौस येते, तो भिकाऱ्याच्या वेशात हिंडतो आणि अपघाताने सक्तमजुरीच्या तुरुंगात जाऊन पडतो. तेथे बेड्या घातलेले कैदी एका काळ्यांच्या चर्चमध्ये कार्टून पाहून हसतात, आणि आपणही हसतो आहोत हे त्याला कळते. माझ्या भावाने हा चित्रपट पाहिलेला नव्हता.

तरी एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे होईल. त्याच १९९५ साली सईद अख्तर मिर्झा यांचा ‘नसीम’ आला. शाळेत जाणारी एक मुलगी, अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा, आणि जून ते ६ डिसेंबर १९९२ एवढा काळ. आजोबा झाले होते खुद्द कैफी आझमी. दंगल चित्रपटाच्या बाहेर आहे, घरात फक्त टीव्हीवरच्या बातम्या आणि आजोबांच्या आठवणी येतात. ६ डिसेंबरला आजोबा जातात. हा चित्रपट मात्र माझ्या भावाने टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला आणि मध्ये उठला नाही.

पुढे अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा, ज्यांत २५७ माणसे गेली. खटल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालयाने तो रोखला आणि २००७ मध्ये तो पडद्यावर पोचला. याच्याविषयी आपल्या लोकांत फारशी चर्चा झाली नाही, आणि का झाली नाही हे उघड आहे. येथे अत्याचार करणारे हात आपल्या नावांचे होते. चित्रपट त्यांना सैतान करत नाही, त्यांच्या रागाचे मूळही दाखवतो आणि पोलिसांची मारझोडही दाखवतो, पण फुटलेले बॉम्ब आणि मेलेली माणसेही झाकत नाही. ‘परझानिया’ला गुजरातच्या थिएटरांत जागा मिळाली नाही तेव्हा आपण बोललो, योग्यच बोललो. ‘ब्लॅक फ्रायडे’ पाहायला किती जण गेलो? दुसऱ्याला आरसा दाखवणारा चित्रपट सगळ्यांनाच आवडतो.

आता २०२५. १४ फेब्रुवारीला लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ प्रदर्शित झाला, शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवरून. आधी जानेवारीत लेझीम नाचण्याच्या प्रसंगावरून गदारोळ झाला आणि तो प्रसंग काढण्यात आला. राजा प्रजेबरोबर नाचलेला चालला नाही. छळाचे प्रसंग मात्र कोणाला जास्त वाटले नाहीत. पंतप्रधानांनी दिल्लीच्या मराठी साहित्य संमेलनात चित्रपटाचा उल्लेख केला, मध्य प्रदेश आणि गोव्यात करमाफी मिळाली, थिएटरात रडणाऱ्या, घोषणा देणाऱ्या प्रेक्षकांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या.

मी तो नातवाबरोबर पाहिला. तो कॉलेजात आहे, मित्रांबरोबर जायला कचरत होता आणि न जाण्यालाही कचरत होता, म्हणून म्हणालो, चल मी येतो. शेवटच्या भागात संभाजी महाराजांचे हाल सुरू झाले तेव्हा त्याने माझा हात धरला. दिवे लागल्यावर मागून घोषणा सुरू झाल्या. नातू हळूच म्हणाला, “दादा, आपण आधी उठायचं का नंतर?” मी म्हणालो, “सगळे उठतील तेव्हा.” पुढच्या रांगेतल्या एका ओळखीच्या बाईंनी मागे वळून पाहिले. त्यांचे डोळे भरलेले होते, माझेही होते. त्यांना माझ्या डोळ्यांचे नवल वाटले, असे मला वाटले. कदाचित ते माझ्याच मनाचे असेल.

इतिहास म्हणून यात नाकारण्यासारखे काय आहे? काहीच नाही. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले, बहादूरगडावर त्यांची धिंड निघाली आणि ११ मार्चला भीमेच्या काठी त्यांची आणि कवी कलशाची हत्या झाली. डोळे काढल्याच्या, क्रूरपणे मारल्याच्या नोंदी मोगलांच्याच फारसी इतिहासकारांनी करून ठेवल्या आहेत. बेल्हे-जेजुरी रस्त्याने शिक्रापूरपर्यंत गेले की वढू बुद्रुक फार लांब राहत नाही. लहानपणी अब्बांबरोबर त्या बाजूला गेलो की समाधीपाशी ते चप्पल काढून उभे राहत. कोणी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते.

अशा वेळी आपल्याकडे एक यादी बाहेर निघते. शिवाजी महाराजांच्या पदरी अमुक मुसलमान, आरमारात दौलतखान, औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून आला त्याला संभाजी महाराजांनी आसरा दिला. हे सारे खरे आहे आणि इतिहासात ते आलेच पाहिजे. पण मला या यादीचा आता कंटाळा आला आहे. दर वेळी पावती दाखवल्यासारखी ती काढावी लागते. वढूच्या समाधीपुढे उभे राहायला माझ्या बापाला दौलतखानाची शिफारस लागली नव्हती.

माझा आक्षेप ‘छावा’तल्या रक्ताला नाही. प्रश्न असा की तो पाहणाऱ्याला कुठे बसवतो. ‘शेजारी’ने अब्बांना दोन्ही घरांत बसवले, ‘तमस’ने मला नत्थूजवळ बसवले, ‘ब्लॅक फ्रायडे’ने ज्यांच्याकडे पाहायचे नव्हते त्यांच्याकडे पाहायला लावले. ‘छावा’त बसायला एकच जागा आहे. तेथे बसले की आपण पवित्र, आपले सगळे हाल दुसऱ्याने केलेले, आणि तो दुसरा तीनशे वर्षांपूर्वी मेला असला तरी त्याच्या नावाचे लोक बाहेर आहेत. ही मला ‘अमर अकबर अँथनी’पेक्षा मोठी पळवाट वाटते. नळीतून जाणाऱ्या रक्तावर तंबूत कोणाचाच विश्वास नव्हता, सगळ्यांना ठाऊक होते की ही गंमत आहे. येथे लोक इतिहास म्हणून विश्वास ठेवतात. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात मार्च महिन्यात रात्रीच्या रात्री माणसे मोबाइलच्या उजेडात शेते खणत होती. चित्रपटात मोगलांच्या खजिन्याचा उल्लेख आला म्हणून. हालहाल पाहून रडलेल्या माणसांतलीच काही सोने शोधायला गेली असतील.

आणि १७ मार्चला नागपूर. औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा म्हणून आंदोलन झाले, कबरीची प्रतिकृती जाळली, जाळलेल्या चादरीवर आयती होत्या अशी बातमी उठली, आणि संध्याकाळी दगड, जाळपोळ, नंतर संचारबंदी. दगड मारणाऱ्यांत आपलेही होते. त्या हिंसाचारात जखमी झालेला एक जण पुढे दगावला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले की ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुढे आला आहे, तरी सर्वांनी शांतता राखावी. व्हिव्हियन बोस यांचा खंबीर माणूस त्या संध्याकाळी नागपुरात फारसा कोणाला भेटला नसावा. त्यासाठी चित्रपटावर बंदी मागावी असे मी म्हणणार नाही, ‘तमस’च्या वेळची चूक पुन्हा करायची नाही. पण चित्रपट केवळ चित्रपट असतो हेही मला पटत नाही. अमेरिकेत १९१५ साली ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात काळ्या माणसाला बलात्कारी दाखवून कू क्लक्स क्लानला तारणहार केले होते. मोडीत निघालेला तो क्लान त्याच वर्षी नव्याने उभा राहिला.

ज्यांच्यावर चित्रपट निघाले नाहीत त्या अत्याचारांची गणती केली तर वेगळेच चित्र दिसते. आमच्याच शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात बंड करणाऱ्या महादेव कोळ्यांना पकडून तेथे मारले, त्यांची मुंडकी पुरून वर चौथरा बांधला, असे सांगतात. मारणारी सत्ता मुसलमानी होती, तरी त्यावर कोणी चित्रपट काढत नाही. आदिवासींच्या मुंडक्यांना तिकीटबारीवर भाव नसावा. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्याने आयुष्यभर मावळ्यांची शौर्यगाथा पडद्यावर मांडली त्याचाच स्टुडिओ. त्याच वर्षी हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांचे काय झाले याचा पंडित सुंदरलाल समितीने अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. तो अहवाल दशकानुदशके दडून राहिला. रझाकारांच्या जुलमावर मराठीत २०१५ साली आणि तेलुगूत २०२४ साली चित्रपट आले. रझाकारांनी जुलूम केला, ते यायलाच हवेत. पण त्याच गोष्टीचे पुढचे रीळ कोणीच लावत नाही. मराठवाड्यातल्या आपल्या कित्येक घरांत ते रीळ आजही दादी-नानीच्या तोंडीच आहे, आणि त्या एकेक करून जात आहेत. ते लिहून ठेवायला सिनेमावाल्यांची वाट कशाला पाहायची?

गेल्या वर्षी मी नातवाला ‘शेजारी’ त्याच्या लॅपटॉपवर लावून दिला. पहिली पंधरा मिनिटे त्याने दोनदा मोबाइल पाहिला. मग पाहिला नाही. संपल्यावर म्हणाला, “कंपनीवाला तेवढा सुटला.” अब्बांच्या हे ध्यानात आले नव्हते, माझ्याही नाही.

२०२५ मध्येच बातमी आली की ‘छावा’चे दिग्दर्शक उतेकर यांनी विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्यावरचा चित्रपट हाती घेतला आहे. नारायणगावात, आळेफाट्याला, बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात त्याची चर्चा ऐकू येते. म्हातारी माणसे सांगतात, मी विठाबाईला पाहिलंय, अमक्या जत्रेत पाहिलंय. माझ्या अब्बांनीही पाहिले होते. कळा सुरू होऊन ती पडद्यामागे गेली तो प्रसंग चित्रपटात असणार यात शंका नाही, त्यावर थिएटरात लोक रडणार यातही नाही. तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबर आत जाईलच. तो एकदा तरी वळून, पुढे बसून “नाच, नाच” म्हणून शिट्ट्या मारणाऱ्या आमच्या बापजाद्यांकडे पाहतो का, एवढे बघायला मी नातवाला घेऊन जाणार आहे.